आरमोरी किती अक्षरांची?

झाडीबोलीतल्या कवितासंग्रहांवर जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात एक शेरा हटकून सापडतो. आशय अस्सल आहे, मातीचा वास आहे, पण छंदावर पकड नाही. कधी ‘या ओळीत एक अक्षर जास्त झालं’, कधी ‘लय मध्येच अडखळते’. असं लिहिणारा माणूस वाईट हेतूने लिहीत नसतो. तो ओळ समोर ठेवतो, बोटांवर अक्षरं मोजतो आणि हिशेब जुळला नाही की शेरा मारून मोकळा होतो. माझा प्रश्न त्या बोटांबद्दल आहे. ती नेमकं काय मोजतात? कागदावरची अक्षरं की तोंडातले उच्चार? आणि उच्चार मोजत असतील, तर कुणाच्या तोंडातले?

प्रश्न कोरडा व्याकरणाचा वाटेल. म्हणून आधी आमच्याकडची काही गावं घेऊ. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यातले दोन तालुके, आरमोरी आणि चामोर्शी. दोन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहा. आर-मो-री. चा-मोर्-शी. जीभ दोन्हीकडे तीनच वेळा उठते. आता कागदावर पाहा. आ, र, मो, री ही चार अक्षरं. चा, मो, र्शी ही तीन. दोन्ही नावांत ‘र’ स्वतःचा स्वर नसलेला, आधीच्या तुकड्याला चिकटलेला आहे. पण एका नावात आपण तो पूर्ण लिहितो आणि दुसऱ्यात रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवतो. असं का, याचं उत्तर लिहिण्याच्या सवयीत आहे, उच्चारात नाही.

भामरागड हे त्याहून मोठं उदाहरण. कागदावर पाच अक्षरं, तोंडात भाम-रा-गड असे तीन तुकडे. गडचिरोली कागदावर पाच, तोंडात गड-चि-रो-ली असे चार. वडसा कागदावर तीन, तोंडात दोन. उलट अहेरी, सिरोंचा आणि एटापल्ली यांच्या बाबतीत कागद आणि तोंड यांचा हिशेब अगदी जुळतो. म्हणजे फरक नेहमीच पडतो असंही नाही, आणि तो कुठे पडेल हे अक्षरांकडे बघून सांगता येत नाही. ते शब्द ज्याला तोंडपाठ आहे त्यालाच कळतं.

याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आपण त्याचा विचार करत नाही. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतो. मराठी बोलताना तो शब्दाच्या शेवटी गळतो आणि मध्येही पुष्कळदा गळतो. ‘राम’मधला म आपण हलन्त उच्चारतो, ‘जनता’ला जन-ता म्हणतो, ‘सरपण’ला सर-पण म्हणतो. लिपी मात्र ‘अ’ शाबूत असल्यासारखं लिहीत राहते. संस्कृतसाठी ही लिपी चोख आहे, कारण तिथे जे लिहिलंय ते बोललं जातं. मराठीने ती लिपी घेतली आणि तिच्यासोबत मोजमापाची पद्धतही घेतली. शाळेत आपण ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करतो, त्यात न-गण म्हणजे ‘नसल’, तीन लघू. ‘कमळ’ हा न-गण. पण कुणीही मराठी माणूस क-म-ळ असं तीन सारख्या झटक्यांत म्हणत नाही. तो क-मळ म्हणतो. एक हलका तुकडा, एक जड. उर्दू छंदशास्त्रात ‘नजर’ हा शब्द नेमका असाच मोजतात, न-जर, लघू-गुरू. आपल्या गणवृत्तांच्या हिशेबात तोच शब्द तीन लघू होतो. शब्द एक, तोंड जवळपास एकच, मोजमापं दोन.

मात्रावृत्तात हा वाद बराचसा मिटतो हेही सांगायला हवं. ‘गड’चे दोन लघू मिळून दोन मात्रा, आणि ‘गड्’ हा एक जड तुकडा म्हणूनही दोन मात्रा. गडचिरोलीच्या मात्रा कशाही मोजा, सातच भरतात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त (१९२७, वाढवलेली आवृत्ती १९३७) वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग पाडले. त्यातल्या जातीरचना, म्हणजे मात्रा मोजणाऱ्या रचना, मराठी जिभेला का मानवतात याचं एक कारण मला इथे दिसतं. अडचण होते ती जिथे अक्षरांची संख्याच प्रमाण मानतात तिथे, म्हणजे अभंगासारख्या रचनांत. आणि झाडीपट्टीतला कवी लहानपणापासून जे ऐकत आलेला असतो ते नेमकं हेच असतं.

उच्चाराचा हा कायदा आपल्या शुद्धलेखनात चोरपावलांनी शिरलेलाच आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम घ्या. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व. गावाच्या नावाला जोडलेला ‘पूर’ दीर्घ. मग चंद्रपूर, चंद्रपूरला, पण चंद्रपुरात. का? तुकडे पाडून बघा. चंद्रपूर आणि चंद्रपूरला यांत ‘पूर्’ हा तुकडा र ने बंद होतो, आणि बंद तुकड्यात ऊ लांबतो. चंद्रपुरात म्हणताना र पुढच्या ‘रात’मध्ये जातो, ‘पु’ उघडा पडतो आणि आखूड होतो. आमच्या जिल्ह्यातलं मूल हे गाव याचं सुंदर उदाहरण आहे. आम्ही मूलला जातो आणि मुलाला शाळेत घालतो. एकाच शब्दाच्या या दोन रूपांत ऱ्हस्व-दीर्घ ठरतं ते ल कोणत्या तुकड्यात पडला यावरून. शिक्षक हा नियम ‘उपान्त्य’ वगैरे शब्दांत शिकवतात आणि पोरं तो रडत पाठ करतात. तुकडे पाडायला शिकवलं तर नियम कानानेच लागेल. तत्सम शब्दांना यातून सूट दिली, म्हणून आपण ‘मंदिर’ लिहितो आणि ‘मंदीर’ म्हणतो. गावोगावच्या पाट्यांवर ‘मंदीर’ रंगवलेलं दिसतं. रंगाऱ्याला लोक हसतात, पण त्याने कानाशी इमान राखलेलं असतं.

आता थोडं दूर जाऊ, पण वाट सिरोंचातूनच जाते. गोदावरी-प्राणहितेच्या काठावरच्या या तालुक्यात तेलुगू घराघरांत आहे. युरोपीय लोकांनी तेलुगूला ‘पूर्वेकडची इटालियन’ म्हटलं, ते तिचे शब्द स्वरावर संपतात म्हणून. तेलुगू तोंडात बस ‘बस्सु’ होते, रोड ‘रोड्डु’ होतो. बस्-सु, रोड्-डु. दुहेरी व्यंजन मधोमध फुटतं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. इटालियनमध्ये रात्रीला ‘नोत्ते’ म्हणतात आणि तो शब्द नेमका असाच तुटतो, नोत्-ते. एटापल्ली, आलापल्ली म्हणताना आमच्या भागातला मराठी माणूसही ‘पल्’वर तसाच दाबून थांबतो. इटालियन भाषा ‘लिहिलं तसं वाचायची’ भाषा म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून तिचा दाखला इथे कामाचा आहे. तिच्यातही पुस्तकातली फोड आणि तोंडातली फोड सगळीकडे जुळत नाही. शाळेतला नियम सांगतो की ओळीच्या शेवटी ‘पास्ता’ तोडायचा तर पा-स्ता असा तोडा, स पुढच्या व्यंजनासोबत जाऊ द्या. उच्चाराचा अभ्यास करणारे म्हणतात, तोंडात तो पास्-ता आहे, कारण त्यातला आ आखूड आहे आणि इटालियनमध्ये आघात असलेला स्वर उघड्या तुकड्यात लांबतो.

आघाताचंही तसंच. इटालियनमध्ये आघात कुठे पडतो यावर अर्थ बदलतो. ‘आंकोरा’तल्या पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर दिला तर ‘अजून’. पण छापताना आघाताची खूण सक्तीची असते ती आघात शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असेल तेव्हाच. बाकी सगळं वाचणाऱ्याच्या कानावर सोडलेलं. मराठीत शब्दातल्या आघाताने अर्थ बदलत नाही, तो साधारणपणे जड तुकड्याकडे ओढला जातो. म्हणजे इटालियन लिपी वाचकावर आघात सोपवते आणि आपली लिपी गळणारा ‘अ’ सोपवते. प्रत्येक लिपीत अशी एक जागा असते जी घरच्या माणसाला दिसतही नाही आणि पाहुण्याला ठेच लावते.

इटालियन कवितेने या जागेचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. दान्तेने आपलं महाकाव्य ज्या ओळीत लिहिलं तिचं नावच ‘अकरा तुकड्यांची ओळ’ असं आहे. पण ती ठरते दहाव्या तुकड्यावरच्या शेवटच्या आघाताने. ओळ दहाव्यावरच संपली तरी ती अकराचीच, आघातानंतर दोन तुकडे येऊन बारा झाली तरी अकराचीच. शिवाय एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर मिळून एक तुकडा धरतात. तिथे कुणी समीक्षक ‘या ओळीत एक अक्षर जास्त’ म्हणत नाही. मोजमाप कानाचं आहे हे त्या परंपरेत उघड मान्य केलेलं आहे.

आपल्याकडेही मोजमाप कानाचंच होतं. फक्त तो कान गाण्याचा होता. अभंग म्हणताना शेवटचा ‘अ’ गळत नाही. भजनात ‘गाव’ हा शब्द गा-वऽ असा दोन ठोके घेतो. सहा अक्षरांचा चरण घेऊ, मीच जुळवलेला: ‘आरमोरी गाव’. आणि दुसरा: ‘चामोर्शी येथला’. दोन्ही कागदावर सहा. बोलताना पहिल्यात चार तुकडे उरतात, आर-मो-री-गाव, आणि दुसऱ्यात पाच, चा-मोर्-शी-येथ-ला. पण टाळावर म्हणा, दोन्ही सहा होतात, कारण चाल प्रत्येक अक्षराला त्याचा ठोका देते. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ ओवीत आहे. ती गावात सामूहिकपणे म्हणतात तेव्हा कुणाचीच जीभ अडखळत नाही. चिमूरच्या १९४२ च्या उठावाशी महाराजांच्या खंजिरी-भजनांचं नाव जोडलं जातं, ते शब्द लोकांच्या ओठांवर बसण्याइतके सरळ होते म्हणूनच. अक्षरसंख्येचा छंद खोटा नाही. तो गाण्याचा करार आहे. कविता छापून, बसून, मनात वाचायला लागल्यावर हा करार मोडला. मोडला तो शहरातल्या कवीचाही आणि झाडीतल्याही. पण शेरा मात्र झाडीतल्या कवीच्या वाट्याला जास्त येतो.

तो का येतो, ते एका शब्दावरून दाखवतो. प्रमाण मराठीत ‘राहिला’. रा-हि-ला, तीन तुकडे, र-गण. आमच्याकडे, म्हणजे सगळ्या विदर्भात, ‘जाऊन रायला’, ‘पाऊस येऊन रायला’. राय-ला, दोनच तुकडे, दोन्ही जड. आता छापायची वेळ येते. कवी ‘रायला’ लिहितो. बोटांवर मोजणारा त्यात रा, य, ला अशी तीन अक्षरं पाहतो आणि खूश होतो, गण जुळला. पण कवीच्या कानात तिथे दोनच आहेत. त्याने उरलेली जागा पुढच्या शब्दात भरलेली असते, म्हणून पुढे मोजणाऱ्याला ‘एक अक्षर जास्त’ दिसतं. दोष जिथे दिसतो तिथे तो नसतो आणि जिथे फरक पडला तिथे कागद गप्प असतो. यावर एखादा संपादक उपाय म्हणून ‘रायला’चं ‘राहिला’ करतो. मग ओळ खरोखर बिघडते. माझ्या ओळखीच्या एका कवीने एका दिवाळी अंकात आपली अशी सुधारलेली कविता वाचली आणि पुढची चार वर्षं कुठेच कविता पाठवली नाही.

इथपर्यंत मी समीक्षकांना आणि संपादकांना बोललो. आता आमच्या घरातही बोलायला हवं. झाडीबोलीची ओळख सांगताना आपण काही वर्णांचा जप करतो. ण नाही, न आहे. ळ नाही, र आहे: डोळ्याचा ‘डोरा’, काळ्याचा ‘कारा’. श-ष नाहीत, स आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचलं म्हणून हे सगळं आज नीट नोंदलेलं आहे. पण नव्या कवींपैकी पुष्कळांनी यातून एक सोपी युक्ती काढली. प्रमाण मराठीत, पुण्या-मुंबईच्या वळणाची कविता लिहायची आणि शेवटी ण-ळ-श बदलून टाकायचे. ‘डोळा’ आणि ‘डोरा’ यांचं वजन एकच आहे. दोन जड तुकडे तिथेही आणि इथेही. त्यामुळे अशा कवितेत वर्ण झाडीचे असतात आणि चालणं परकं असतं. बोली खरी कळते ती तुकडा कुठे बंद होतो, कुठला स्वर ओढला जातो, वाक्याचा जोर कुठे पडतो यावरून. ‘जाऊन रायलो नं बाप्पा’ यातला शेवटचा झोल ज्या कवितेत आला ती झाडीची, मग तिच्यात एखादा ण राहून गेला तरी चालेल.

नाटकवाल्यांना हे न शिकवता येतं. दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या गावांतून झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्या निघतात, मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटक चालतं. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात आणि बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. याबद्दल तक्रार करता येईल आणि करायला हवी. पण ऐकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. भल्या मोठ्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत वाक्य पोचवायचं म्हणून नायक वाक्याचा शेवट लांबवतो, प्रमाण भाषेचा गळलेला ‘अ’ परत आणतो, जवळजवळ गातो. विनोदी नट मात्र तुकडे बंद करत, तोडत, झपझप बोलतो, आणि हशा बरोबर त्या तुटण्यावर येतो. दंडारीतून आणि खडी गंमतीतून आलेलं हे वेळेचं भान आहे. बोलीत लिहू पाहणाऱ्या कवीने शब्दकोशाइतकंच या नटाकडूनही शिकावं.

हा सगळा वाद निव्वळ कवितेपुरता असता तर मी इतका जीव लावला नसता. याच जिल्ह्यांत गोंडी आणि माडिया बोलणारी गावंच्या गावं माणसं आहेत. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक तयार केली, दुसरी तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतून पुढे आली. पण आमच्याकडे गोंडी बहुधा देवनागरीतच छापली जाते. ‘कोयतूर’ हा शब्द घ्या, गोंड स्वतःला ज्या नावाने ओळखतात तो. गोंड माणूस कोय-तूर वाचतो. ज्याला शब्द ठाऊक नाही तो को-य-तूर वाचतो, आणि लिपी त्याला अडवत नाही. मराठी शब्दात मराठी वाचकाला कान वाचवतो. गोंडी शब्दात त्याला वाचवायला कुणी नसतं. आणि उलट्या बाजूला माडिया घरातून पहिलीत आलेलं पोर असतं. ते अक्षरं शिकतं, क, म, ळ. फळ्यावर ‘कमळ’ दिसलं की शिकवल्याप्रमाणे क-म-ळ असं वाचतं. मराठी घरातलं पोर त्याच अक्षरांवरून उडी मारून ‘क-मळ’वर येतं, कारण शब्द त्याने आधी ऐकलेला असतो. माडिया पोराने लिपी बिनचूक वाचलेली असते, आणि तरी त्याचंच वाचन कच्चं ठरतं. कवितेच्या परीक्षणातला ‘एक अक्षर जास्त’ हा शेरा आणि वर्गातला ‘याला वाचता येत नाही’ हा शेरा एकाच पोटातून निघालेले आहेत. दोन्हीकडे लिपीने जे सांगितलंच नाही ते समोरच्याला आधीच माहीत असावं अशी आपली अपेक्षा असते.

मग करायचं काय? लिपी बदला, सगळीकडे पाय मोडा, असं मी म्हणणार नाही. ‘आर्मोरी’ लिहून गाव जवळ येत नाही आणि पानभर हलन्ताचे पाय मोडलेले शब्द कुणाला वाचवत नाहीत. पण तीन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. बोलीतल्या किंवा गोंडीतल्या कवितेचा संग्रह काढताना सुरुवातीला अर्धं पान ‘हे असं वाचावं’ म्हणून द्यावं, नेहमी येणारे वीस-तीस शब्द तुकडे पाडून दाखवावेत. इटालियन शब्दकोश परक्या वाचकासाठी आघाताची खूण करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसरं, जाळ्यावर छापणाऱ्या नियतकालिकांनी अशा कवितेसोबत कवीच्या आवाजातलं वाचन लावावं. आता त्याला खर्च येत नाही. आणि तिसरं, परीक्षण लिहिणाऱ्याने छंदावर शेरा मारण्याआधी ती कविता कवीच्या तोंडून, नाहीतर त्याच्या गावच्या कुणाच्या तोंडून, एकदा ऐकावी.

ऐकल्यावरही ओळ अडखळली तर बेलाशक तसं लिहावं. झाडीतल्या सगळ्या कविता चांगल्या आहेत असा माझा दावा नाही. पुष्कळ वाईट आहेत, आणि त्या वाईट का आहेत हे सांगणारी समीक्षा आम्हाला हवी आहे. पण ती आरमोरीला तीन तुकड्यांत म्हणता येणाऱ्या माणसाने लिहिलेली हवी.